पाण्यासकट प्रवास

रायगडाच्या इतिहासाची साधने चाळणाऱ्याला गडावर चढलेल्या तोफांचा, धान्याच्या कोठारांचा, पागांचा आणि टाक्यातळ्यांच्या बंदोबस्ताचा पुष्कळ तपशील हाती लागतो. परंतु त्याच गडाला वेढून वाहणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्यांच्या डोहांतून आणि ओहळांतून जो जलचर जीव पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाच्या अन्नात, श्रद्धेत आणि खटाटोपात सामील होत आला, त्याच्यासाठी बखरकाराने किंवा कारकुनाने लेखणी झिजविल्याचे सहसा दिसत नाही. मासा मेलेला असला तर बाजारात मोजला जातो आणि सुकवलेला असला तर जकातीच्या हिशेबात येतो. जिवंत मासा एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात नेला, तर ती गोष्ट नेणारा, आणणारा आणि खुद्द मासा यांच्यापलीकडे कोणाला कळण्याचे कारण नसते. तरीही ही ने-आण प्राचीन आहे, आणि तिच्यात मुरलेले कसब एखाद्या घाटबांधणीच्या कसबापेक्षा कमी नाही.

पाचाड हे या विषयाचा आरंभ करण्यास योग्य ठिकाण आहे, असे मला वाटते. महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, गडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात जिजाबाईंसाठी शिवाजीमहाराजांनी वाडा बांधला, कारण उतारवयात त्यांना गडावरची थंड हवा आणि वारा मानवत नसे. वाड्याचा तट, जोती आणि तक्क्याची विहीर म्हणून ओळखली जाणारी, टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या असलेली विहीर आजही पाहावयास मिळते. शके 1596 च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस राज्याभिषेक झाला आणि त्याच ज्येष्ठाच्या वद्य नवमीस जिजाबाईंनी पाचाडात देह ठेवला. म्हणजे मराठी राज्याच्या इतिहासातील सर्वांत उजळ आणि सर्वांत दुःखद असे हे दोन्ही प्रसंग पावसाच्या तोंडावरचे आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत ज्येष्ठाचे महत्त्व एवढ्यावर संपते. खोऱ्यातील गावकऱ्याच्या लेखी मात्र ज्येष्ठ म्हणजे वलगणीचा महिना.

पहिला दणदणीत पाऊस पडून ओहळ तांबडे झाले, की नदीच्या डोहांत आणि खाडीच्या वरच्या अंगाला उन्हाळाभर दबून राहिलेली मासळी नव्या पाण्याच्या वासाने उलट दिशेने निघते. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून थेट भातखाचरांच्या बांधापर्यंत अंडी घालण्यासाठी ती चढत जाते. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात या चढाईला वलगण म्हणतात. दक्षिणेकडे याच माशांना चढणीचे मासे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन, पाग टाकून, ओहळाच्या तोंडाशी कामट्यांचे सापळे लावून, नाहीतर सरळ हातांनी चाचपून ही मासळी धरली जाते, आणि तिच्यातील बहुतेक चुलीवर जाते, हे उघडच आहे. परंतु बहुतेक म्हणजे सगळी नव्हे. विहिरीत डासांच्या अळ्या होऊ नयेत, शेवाळ फार माजू नये, आणि आड कोरडा पडल्यास अडीअडचणीला घरचेच चार मासे असावेत, अशा मिश्र हेतूंनी कोकणात विहिरीत आणि तळ्यात जिवंत मासे सोडण्याची चाल फार जुनी आहे. आणि त्या चालीबरोबरच घागरीतून, हंडीतून, शिंक्यात लोंबकळणाऱ्या मडक्यातून मासे वाहून नेण्याची चालही तितकीच जुनी मानली पाहिजे.

या घरगुती वाहतुकीत मरळ जातीला अग्रमान होता, आणि त्याला शास्त्राचे बळकट कारण आहे. मरळीला कल्ल्यांखेरीज डोक्याच्या पोकळीत हवेतील प्राणवायू घेणारे एक साहाय्यक श्वसनेंद्रिय असते. इतके, की तिला पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ दिली नाही तर ती पाण्यातही गुदमरते. म्हणून मरळ नेणारा शहाणा माणूस भांडे काठोकाठ भरत नाही. माशाची पाठ भिजेल इतकेच पाणी ठेवतो, वर मोकळी जागा राखतो, आणि तिची उडी ठाऊक असल्यामुळे तोंडावर ओले फडके बांधतो. ज्याला या शरीररचनेची कल्पना नसेल तो ममतेने भांडे भरून टाकतो, आणि पोहोचल्यावर मेलेली मरळ पाहून पाण्याला दोष देतो. कातळी, मळे, खवल यांसारख्या वाहत्या पाण्यातल्या माशांचे गणित याच्या नेमके उलट असते. त्यांना पाणी थंड, पुष्कळ आणि हालते हवे, आणि ते हालते ठेवण्याचे काम वाटचालीत माणसाच्या पावलांना करावे लागते.

येथे भोई समाजाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोड्या पाण्यात मासेमारी करणे आणि पालख्या-मेणे वाहणे हे दोन व्यवसाय महाराष्ट्रात या एकाच समाजाकडे परंपरेने चालत आले. महाडहून पोलादपूरमार्गे घाट चढून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर गाडीरस्ता होण्यापूर्वी माणूस वर जायचा तो पायी, घोड्यावर, नाहीतर भोयांच्या खांद्यावर. पावले मोडून, खांदा बदलताना दांडा न झोकता, आतल्या माणसाला हिसका बसू न देता चढ चढण्याचे जे शिक्षण पालखीत मिळते, तेच कावडीत उपयोगी पडते, असे मला नेहमी वाटत आले आहे. बांबूची दांडी लवचीक असते; चालणाऱ्याच्या लयीबरोबर ती खालीवर होते, आणि दोन्ही टोकांच्या मडक्यांतील पाण्याचा पृष्ठभाग तितक्याच लयीने हेलकावत राहतो. त्या हेलकाव्यामुळे हवा पाण्यात मिसळते. हेलकावा थांबला की पाणी नासू लागते, आणि तो आडदांड झाला की मासा मडक्याच्या भिंतीवर आपटून खवले गमावतो. या दोहोंमधली जी मध्यम गती, ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती, ती खांद्याला ठाऊक होती.

परंतु माशाला हलवण्याचे कसब ज्या खोऱ्यात रुजले, त्याच खोऱ्यात माशाला मुळीच न हलवण्याचाही एक दंडक नांदत आला आहे. काळ नदीच्या काठी महाड तालुक्यातील वाळण गावाजवळ वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथे वरदायिनी देवीचे स्थान असून डोहातील महासीर जातीचे मासे देवीचे म्हणून राखले जातात. त्यांना कोणी गळ लावीत नाही, जाळे टाकीत नाही, आणि येणारेजाणारे पाण्यात चुरमुरे-लाह्या टाकून त्या भल्याथोरल्या माशांचे वर येणे पाहतात. इंद्रायणीकाठी देहूला आणि वैतरणेकाठी तिळसे येथेही असेच राखीव डोह आहेत. सह्याद्रीतील अशा डोहांची अलीकडे जी शास्त्रीय पाहणी झाली, तिच्यात वाळणकोंडाचा समावेश आहे, आणि सरकारी परवान्यावाचून, पहारेकऱ्यावाचून, निव्वळ देवीच्या धाकाने महासीर टिकून राहिला ही गोष्ट मत्स्यशास्त्रज्ञांना मान्य करावी लागली. डोहातल्या माशाला खाऊ घालण्याची आवड फक्त भाविकांचीच होती असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ, दोरी आणि आमिष यांचा त्यात इतका बारकाईने विचार आहे, की प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 च्या सुमारास त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्या विनोदात राजा पाण्याकडे जातो. माशाने राजाकडे यावे अशी कल्पना नाही.

ती कल्पना आगगाडीने आणली. पश्चिम किनाऱ्याच्या आखूड, उताराच्या नद्यांत कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे नाहीत. ते उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. तळ्यात भराभर वाढणारे, पण तळ्यात आपणहून अंडी न घालणारे. तेव्हा ज्याला आपल्या तळ्यात ते वाढवावयाचे असतील त्याला दरवर्षी नवे बीज आणणे भाग होते, आणि ते बीज पावसाळ्यात गंगेच्या पुरातून जाळ्यांनी गोळा होऊन कलकत्ता-हावड्याच्या बाजारात विकले जात असे. तेथून मुंबई इलाख्यापर्यंतचे अंतर जवळजवळ 2,000 किलोमीटर. इवल्याशा बिजाचा हा प्रवास मातीच्या हंड्यांतून होत असे. सुमारे 23 लिटरची एक हंडी, आणि तिच्यात बीज लहान असल्यास हजारोंच्या संख्येने.

त्या प्रवासाचे चित्र डोळ्यांपुढे नीट आणले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या सुधारणा त्यातल्या अडचणींतून निघाल्या. डब्यात हंड्या ओळीने मांडलेल्या, खाली गवताचे किंवा दोरीचे चुंबळ, तोंडे अर्धवट झाकलेली. गाडी धावत असताना तिच्या धक्क्यांनी पाणी आपोआप डहुळते आणि बीज श्वास घेते. गाडी स्थानकात थांबली, की प्रवाशाला मिळणारी विश्रांती हीच बिजाच्या जिवावर बेतणारी वेळ. म्हणून बीज नेणारा माणूस थांबलेल्या गाडीत उठून एकेका हंडीच्या काठाला हात घालतो आणि ती पुढेमागे डोलवीत राहतो. ओळीच्या शेवटी पोहोचेतो पहिल्या हंडीची पाळी परत येते. सिग्नल मिळेना तर रात्रभर हेच. दर चार-पाच तासांनी निम्मे पाणी ओतून टाकून तितकेच ताजे घालावयाचे. तळाशी बसलेले मेलेले बीज फडक्याने टिपून काढावयाचे. आणि पाणी दुधाळ होऊ लागल्यास चिमूटभर तांबडी माती विरघळवून सोडावयाची, म्हणजे तरंगणारी घाण मातीच्या कणांना चिकटून खाली बसते. ही तांबड्या मातीची युक्ती बंगालच्या मच्छीमारांची होती, आणि प्रयोगशाळेने तिचे कारण पुष्कळ उशिरा शोधले. हंडी मातीची असण्यातही शहाणपण होते. तिला बाहेरून घाम येतो, घामाने आतले पाणी गार राहते. पुढे फुटतूट टाळण्यासाठी पत्र्याची आणि ॲल्युमिनियमची भांडी आली. ती टिकाऊ आणि हलकी खरी, परंतु नागपूरच्या उन्हात ती तापत, आणि त्यांच्याभोवती ओली पोती गुंडाळण्याची तजवीज करावी लागे. जुने टाकताना जुन्यातला कोणता गुण त्याबरोबर गेला, हे बहुधा पहिल्या उन्हाळ्यात कळते.

याच काळात साहेबलोक उलट दिशेने, म्हणजे विलायतेहून हिंदुस्थानात, ट्राउट मासा आणण्याच्या खटपटीत होते. फ्रान्सिस डे याने 1863 साली निलगिरीसाठी केलेला प्रयत्न फसला. काश्मीरसाठी 1899 साली निघालेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच नष्ट झाली आणि पुढच्या वर्षीची मात्र पोहोचली. निलगिरीला यश येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. डे याच्या नंतरच्या या खटपटीमागे एक धडा होता, आणि तो 1864 सालीच ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजाने टास्मानियात घेतला होता. इंग्लंडहून सामन आणि ट्राउट यांची अंडी ओल्या शेवाळात थरावर थर मांडून, पेट्या बर्फाखाली ठेवून, विषुववृत्त ओलांडून सुमारे तीन महिन्यांच्या सागरप्रवासाने पलीकडच्या गोलार्धात जिवंत नेण्यात आली. मोठा मासा पाण्यात नेताना पाण्याचाच प्रश्न होऊन बसतो. अंड्याला पाणी नको, ओल आणि थंडावा पुरे. भारतातल्या कार्पजातीच्या नाजूक, पाण्यात तरंगत फुटणाऱ्या आणि अवघ्या काही तासांत उबणाऱ्या अंड्यांना ही रीत लागू पडत नव्हती, म्हणून इकडे हंडी डोलवण्याचा धंदा आणखी पुष्कळ वर्षे चालू राहिला.

हंडीतला मासा का मरतो, याचे पहिले उत्तर ‘हवा संपली’ असे होते, आणि ते अर्धेच खरे होते. माशाला पकडणे, झेलणे, कोंबणे, हेलकावणे या प्रत्येक क्रियेत त्याचे स्नायू सर्व शक्तीनिशी झटापट करतात. रक्तात लॅक्टिक आम्ल साचते, श्वासाचा वेग वाढतो, आणि एरवी त्याला जितका वेळ पुरला असता तो प्राणवायू अर्ध्याच वेळात खर्च होतो. उच्छ्वासातून निघालेला कार्बनवायू पाण्यात विरून ते आंबट करतो, आणि तो फार साचला की पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही माशाचे रक्त तो उचलीत नाही. दारेखिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलेल्या माणसासारखी त्याची गत होते. कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हा तिसरा शत्रू. आणि येथे निसर्गाने एक विलक्षण खोडी घालून ठेवली आहे. पाणी आंबट असेपर्यंत अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात बांधलेला असतो. प्रवासाच्या शेवटी कळवळून कोणी त्या भांड्यात एकदम ताजे पाणी ओतले, की आंबटपणा उतरतो, अमोनिया मोकळा होऊन विषारी बनतो, आणि दोन दिवसांचा प्रवास सोसलेला मासा तळ्याच्या काठावर, उपकार होत असताना मरतो. लांबच्या प्रवासाची खेप काठाशी आल्यावर का दगावे, याचे बरेचसे गूढ यातून उकलते.

आणखी एक मरण होते, ज्याचा हिशेबच नव्हता. हान्स सेल्ये याने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले, की इजा कोणतीही असो, शरीर ठरावीक पद्धतीने ताण सोसते, आणि ताण लांबला की प्रतिकार खचतो. ताण हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो तेव्हापासून. माशांच्या बाबतीत तो लावून पाहण्यास आणखी काही दशके लागली. पोहोचताना पोहत असलेला मासा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर कापसासारखी बुरशी येऊन, किंवा खवल्यांच्या मुळाशी रक्त साकळून मरतो, तेव्हा त्याचा मृत्यू त्या तळ्यातल्या पाण्याचा नसतो, वाटेवरच्या हाताळणीचा असतो. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की ते कातडे कोणत्याही जंतूला उघडे. परंतु व्यापाऱ्याचा हिशेब पोहोच मिळताच पुरा होत असल्यामुळे हे मरण त्याच्या वहीत कधी चढत नसे आणि तळेवाल्याच्या नशिबावर ढकलले जाई. मला तर असे वाटते की, मत्स्यवाहतुकीत सुधारणा इतक्या सावकाश झाली याचे कारण शास्त्राच्या अज्ञानापेक्षा या हिशेबाच्या सोयीत अधिक आहे.

सुधारणा झाली ती तीन बाजूंनी. निघण्यापूर्वी मासा एक दिवस उपाशी, कापडाच्या चौकोनी हाप्यात दाटीने ठेवावयाचा, म्हणजे आतडे रिकामे होऊन तो वाटेत पाणी घाण करीत नाही आणि गर्दीला सरावतो. हीही मुळात बंगालची जुनी चाल, शास्त्राने फक्त तिला नाव दिले. वाटेवर पाण्यात लिटरमागे तीन-चार ग्रॅम साधे मीठ घालावयाचे, कारण गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते आणि घाबरलेल्या माशाच्या शरीरातून क्षार निसटून पाणी आत शिरत राहते. पाणीच किंचित खारट असले तर त्याच्या जिवावरचा तो भार हलका होतो. आणि प्रवास रात्रीचा करावयाचा, किंवा बर्फाने पाणी थोडे उतरवावयाचे, कारण उष्णतामान दहा अंशांनी घटले की माशाची प्राणवायूची गरज साधारण निम्म्यावर येते. गुंगी आणणारी औषधेही निघाली. पुढे आपल्या स्वयंपाकघरातील लवंगेचे तेल त्या कामी जगभर वापरले जाऊ लागले. पण गुंगीत मासा तोल सोडून तळाशी पडला तर दाटीत तो गुदमरतो, तेव्हा मात्रा चुकवण्यापेक्षा औषध न देणे बरे, असे या धंद्यातली माणसे म्हणतात, आणि ते मला पटते.

खरी क्रांती केली ती प्लॅस्टिकच्या पिशवीने. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पॉलिथीन आणि प्राणवायूची नळकांडी सर्वत्र मिळू लागली, आणि उघड्या हंडीची जागा बंद पिशवीने घेतली. बीज भरण्याची रीत आजही कोणत्याही मत्स्यबीज केंद्रावर पाहता येते. घासलेटच्या डब्यात पिशवी उभी करतात, तिसरा हिस्सा पाणी घालतात, मोजून बीज सोडतात, पिशवी दाबून आतली सगळी हवा बाहेर काढतात, मग नळी पाण्यापर्यंत नेऊन प्राणवायू सोडतात. पिशवी टम्म फुगली की नळी ओढून घेऊन तोंडाला पीळ देतात, पीळ दुमडतात आणि रबरी पट्टी आवळतात. यात नळी ओढण्याचा आणि पीळ देण्याचा क्षण एकच असावा लागतो. तेथे हात कच्चा असेल तर पिशवी वाटेत सैल पडते. पूर्वी जो माणूस गाडीत रात्रभर हंड्या डोलवीत बसे, त्याचे काम या दोन सेकंदांत आले. मात्र पिशवी बंद असल्यामुळे कार्बनवायू आणि अमोनिया बाहेर जाण्याचा मार्गही बंद झाला, आणि उपास, गारवा व विरळ भरणी या जुन्या शिस्तीचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढले.

तरीही या व्यवसायाचा सर्वांत मोठा पालट वाहतुकीत झालाच नाही. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतील पोष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्पजातीच्या माशाकडून अंडी घालून घेतली, आणि गंगेच्या पुराची वाट पाहण्याची गरज हळूहळू संपली. बीज जिथे हवे तिथे तयार होऊ लागले. दोन हजार किलोमीटरांचा प्रवास सुखाचा करण्यासाठी शंभर वर्षे खपलेल्या सगळ्या युक्त्यांपेक्षा, तो प्रवासच अनावश्यक करणारी ही एक सुई अधिक प्रभावी ठरली.

महासीरच्या बाबतीत हाच विचार महाराष्ट्राने पुढे नेला, आणि येथे माझ्या मते आपल्या प्रांताला रास्त अभिमान वाटावा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महासीरच्या प्रजननाचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला; लोणावळ्याला टाटा वीज कंपन्यांच्या तलावांवर त्यासाठी संवर्धन केंद्र चालू झाले. महासीरचे अंडे कार्पपेक्षा मोठे, सुमारे अडीच-तीन मिलिमीटर व्यासाचे, जड, आणि उबण्यास दोन-तीन दिवस घेणारे असते. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी हे नेमके हेरले: हे दोन-तीन दिवस म्हणजे निसर्गाने दिलेला प्रवासाचा परवानाच. त्यांनी फलित अंडी ओल्या कापसात मांडून विमानाने धाडली, आणि तो प्रयोग 1979 साली जलसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. ‘नॉरफोक’च्या शेवाळाची जागा कापसाने घेतली होती. डोलवणारा नको, हंडी नको, पाणी नको. ज्या जिवाला अजून भीती वाटू लागलेली नाही, त्याला भीती वाटण्यापूर्वीच पोहोचवावयाचे.

रायगड जिल्ह्यात आज ज्या जिवंत माशाची ने-आण सर्वांत अधिक जिव्हाळ्याने होते तो मात्र जिताडा. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात भरतीबरोबर आत आलेली जिताड्याची पिल्ले पावसाळ्यात धरून गावतळ्यात सोडण्याची परंपरा जुनी आहे, आणि तळ्यातला थोरला जिताडा कचेरीतल्या साहेबाच्या घरी पोहोचला की अडलेला कागद कसा पुढे सरकतो, याच्या गोष्टी त्या भागात चवीने सांगतात. या माशाच्या वाहतुकीत एक वेगळाच पेच आहे. तो स्वजातिभक्षक आहे. पिशवीत लहानमोठी पिल्ले एकत्र भरली तर मोठे लहानाला गिळू पाहते, आणि पुष्कळदा गिळता न आल्यामुळे दोन्ही मरतात. म्हणून आकाराप्रमाणे निवड केल्यावाचून जिताड्याची पिशवी भरत नाहीत. शिवाय तो खाऱ्या पाण्यातून गोड्यात जाणारा. खाडीचे पाणी आणि तळ्याचे पाणी भांड्यात थोडेथोडे मिसळून त्याला सवय करावी लागते. जुने लोक हे काम, भांडे तासभर तळ्याच्या काठी सावलीत ठेवून, मधूनमधून ओंजळीने करीत. त्यांना क्षारांचे गणित ठाऊक नव्हते. घाई केली तर पिल्लू उलथे पडते, एवढे ठाऊक होते, आणि तेवढ्याने काम भागत होते.

आता प्रश्न पोहोचविण्याचा उरलेला नाही, आणि म्हणूनच तो कठीण झाला आहे. लोणावळ्याला वाढलेली दख्खनी, म्हणजे निळ्या परांची महासीर देशाच्या अनेक नद्यांत नेऊन सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. वाहतूक उत्तम झाली, मासे जगले, रुजले. पुढे गळकऱ्यांच्या नोंदींवरून अभ्यासकांच्या ध्यानात आले, की कावेरीत ही निळ्या परांची महासीर वाढत गेली तसतशी त्या नदीची स्वतःची, पाठीवर मदार असलेली प्रचंड महासीर दिसेनाशी होत गेली. त्या मूळ जातीची शास्त्रीय ओळख 2018 साली पक्की झाली, आणि त्याच वर्षी ती अस्तंगत होण्याच्या उंबरठ्यावरील जातींत नोंदली गेली. उलट लोणावळ्याची महासीर 2020 साली संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडली. एका केंद्राचे यश आणि एका नदीची हानी यांचा उगम एकच. हंडीच्या काळात निम्मे बीज वाटेत मरत असे, तेव्हा असा प्रमाद मोठ्या प्रमाणावर करणे शक्यच नव्हते.

म्हणून काळ आणि सावित्री यांच्या खोऱ्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवावीशी वाटते. लोणावळ्याची इंद्रायणी पूर्वेकडे वाहून भीमेला आणि भीमेवाटे कृष्णेला मिळते. काळ नदी पश्चिमेकडे, सावित्रीबरोबर बाणकोटच्या खाडीत उतरते. दोहोंमध्ये सह्याद्रीची धार आहे, आणि दोन्हीकडची महासीर दिसावयास सारखी असली तरी हजारो वर्षे वेगवेगळ्या पाण्यात वाढली आहे. वाळणकोंडातील मासे कमी झाले असे उद्या कोणाला वाटले, तर लोणावळ्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्या गाडीत घालून काही तासांत महाडला आणणे आज कोणत्याही खात्याला सहज शक्य आहे, आणि त्यांतील एकही पिल्लू बहुधा दगावणार नाही. ती पिशवी सोडण्यापूर्वी डोहातल्या माशाचे चार खवले तपासून तो कोणत्या वंशाचा आहे हे निश्चित करावे, आणि ते निश्चित होईपर्यंत पिल्ले आणावयाचीच असतील तर ती त्याच डोहाच्या माशांची, त्याच नदीच्या पाण्यात उबवलेली असावीत.